दगडोबाचं पथ्य

एका जंगलात दगडोबा नावाचं अस्वल राहत होतं. पिल्लू असताना त्याने एकदा मोहळाचा गुणगुणाट ऐकला, आणि त्यानंतर जगात दुसरं काही ऐकण्यासारखं आहे असं त्याला वाटलंच नाही.

तर मुलांनो, एकदा दगडोबाच्या मागच्या पायात काटा मोडला. जखम दोन महिने भरेना. मग धनेश पक्षी आला. तो तिथला वैद्य. जंगलातली तपासणी सोपी असते. रोग्याने सकाळी झाडामागे जाऊन यायचं आणि वैद्याने तिथे जमलेल्या मुंग्या मोजायच्या.

"उपाशीपोटी दोनशे दहा मुंग्या," वैद्य म्हणाला. "मध बंद. मोहाची फुलं बंद. रोज पहाटे तळ्यापर्यंत चालायचं. जखम भरली नाही तर बोट काढावं लागेल."

दगडोबाची बायको सोनाई म्हणाली, "मग मीही खाणार नाही. तुमच्यासमोर बसून मध चाटायला मी काय कोल्हीण आहे?"

त्या दिवसापासून दोघांच्या पानात सारखंच. उकडलेला पाला आणि मूठभर वाळवी. दगडोबा हूं की चूं न करता खाई. आपण किती कडक पथ्य पाळतो, याचं त्याचं त्यालाच कौतुक वाटे.

पहाटे तो चालायला निघे. वाटेत साळूचं घर होतं.

"दारावरून रिकाम्या तोंडी जाता होय, भावजी?" साळू म्हणे आणि त्याच्या पंजावर मधाचं बोट टेकवी. "एवढ्याशानं काय होतंय?"

पुढच्या दारात माकडीणकाकू वाटच बघत असे. "तिच्याकडचा गोड लागतो, आमचा कडू आहे का रे?"

तळ्यापर्यंत अशी सात दारं होती. दगडोबाच्या लेखी ते खाणं नव्हतंच. खाणं म्हणजे घरी पानावर बसून खातात ते. हे नुसतं मन राखणं.

महिन्याने मुंग्या तीनशे झाल्या. वैद्याने घरचं जेवण विचारलं आणि मान हलवली. "तेच जास्त होतंय. निम्मं करा."

सोनाईने निम्मं केलं, दोघांचंही. पुढच्या महिन्यात पाव. दगडोबा गुबगुबीतच राहिला. सोनाईच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. वैद्याने एकदा तिचीही तपासणी केली. एकही मुंगी नाही.

"बघा," तो म्हणाला, "पथ्याला गुण येतो तो असा."

जखम काही भरली नाही. बोट काढायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या पहाटे सोनाई म्हणाली, "आज मीही येते. पाय दुखला तर आधाराला."

"कशाला उगाच? तुला चक्कर येते."

ती आलीच. त्याचा हात तिने खांद्यावर घेतला होता.

"या, वहिनी," साळू म्हणाली. "भावजींचं रोजचं बोट काढूनच ठेवलंय."

सोनाई दारं मोजू लागली. दुसरं दार झालं, पाचवंही झालं. सातव्या दारात दगडोबाने ओठ पुसले आणि उरलेला थेंब प्रेमाने तिच्यापुढे धरला.

"तूही घे थोडा. नाही म्हटलं की लोकांना वाईट वाटतं गं."

सोनाईने त्याच्या जखमेकडे पाहिलं. त्याचा हात खांद्यावरून अलगद खाली ठेवला, आणि ती एकटीच चालू लागली.

तात्पर्य : पथ्याने गुण हमखास येतो. ते घरात कुणीतरी पाळलं म्हणजे झालं. रोग्यानेच पाळावं असा काही नियम नाही.