आपल्या नावे फोम

रामदासपेठेत दुसऱ्या मजल्यावर पंख्याखाली बसून तलावांचा कारभार हाकणारे साहेब, तुमच्यावर माझा जाहीर आरोप आहे. तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाची नाव महिनाभर पाण्याबाहेर ठेवलीत, माझी सगळी रजा खाल्लीत आणि वर तुमच्या कारकुनाकरवी मलाच अडाणी ठरवलंत. मी अडाणी? शाळा सातवीला सुटली हे खरं. पण पुढचं सगळं मी रद्दीच्या कागदांतून स्वतः शिकलो. कोराडीच्या वीज केंद्रात मी फिटर आहे, तरी नोटीस बोर्डावरच्या शुद्धलेखनाच्या चुकांना खडूने गोल करतो. त्यापायी दोन मेमो मिळाले, पण चुका कमी झाल्या. ऱ्हस्व-दीर्घात माझ्याशी पैज लावायची नाही!

आणि नेमकं ह्या हुशारीनेच माझं वाटोळं केलं. कसं, ते वाचकांनीच ऐकावं.

आमच्या कॉलनीच्या मागे एक तलाव आहे. त्यात कवडूकाका तीस वर्षं शिंगाडे लावतो. त्याच्या नावेला तो डोंगा म्हणतो, आपण लिहिताना नाव म्हणू. यंदाच्या उन्हाळ्यापासून आम्ही दोघांनी ती दुरुस्तीला काढली होती. सडक्या फळ्या बदलल्या, डाव्या कुशीला पत्रा ठोकला, फटींत सुतळी कोंबली. पावसाळा सरता सरता वेल तलावभर पसरले. अशात तुमची नोटीस आली की यंदापासून परवान्याशिवाय कोणी शिंगाडे तोडायचे नाहीत. म्हणजे परवाना हुकला तर काकाने लावलेले शिंगाडे दुसऱ्याच कोणीतरी तोडायचे.

काकाला वाचता येत नाही. तो नोटीस घेऊन माझ्याकडे आला. मी चष्मा पुसून मोठ्याने वाचली. ती शब्दशः अशी:

“इच्छुकांनी आपल्या नावे फोम नीट भरून दि. ३० चे आत समक्ष आणावा. अपुरा भरलेला फोम स्वीकारला जाणार नाही. फोमला घडी पाडू नये.”

मी लगेच चूक पकडली. ‘नावे’ नव्हे, ‘नावेत’! टायपिस्टने ‘त’ खाल्ला होता. मी पेनने तो लिहून दिला आणि काकाला अर्थ समजावला. नाव बुडू नये म्हणून तिच्यात तरंगणारा फोम भरायचा, अशी सरकारी अट आहे. विलायतेत असंच करतात. मी एका इंग्रजी मासिकाच्या पानात चित्र पाहिलं होतं. त्या पानात शेंगदाणे होते, म्हणून अर्धंच वाचता आलं.

काकाने नोटीस उलटी करून पाहिली. मग म्हणाला, “चंद्रभान, तीस वर्सं मी पान्यात हाय. डोंग्याले फोम काहून लागते गा? दोन मडके उलटे बांधले का झालं.”

मी म्हटलं, काका, मडक्याचा जमाना गेला, सरकारने फोम म्हटलं तर फोमच.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सीताबर्डीवर गेलो. एका गादीच्या दुकानात भैय्याजी म्हणून मालक होते. मी सांगितलं, फोम दाखवा, पण साधा नको, पाण्यात टिकणारा हवा. भैय्याजींनी माझ्याकडे मोठ्या मायेने पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“लेकरू किती वर्षाचं आहे?”

“अठरा,” मी म्हटलं. नाव अठरा वर्षांची होती. लेकरू म्हणजे लाडाने विचारतायत, असं मला वाटलं.

भैय्याजींनी जीभ टाळूला लावून च्यक् केलं. म्हणाले, दुनियेत सगळ्यांच्या घरी काही ना काही असतं, लाज वाटून घेऊ नका, रामदासपेठेत चांगले डॉक्टर आहेत. मग त्यांनी चार इंची फोम काढला, मला त्यावर बसवलं, उठवलं, झोपायला लावलं. वरून मेणकापड घ्याच म्हणून बजावलं. मी मेणकापडाला नकार दिला. फोम पाण्यात टिकतो तर त्याला मेणकापड कशाला? घडी पाडायची नव्हती, म्हणून अख्खी गादी डोक्यावर उभी धरून मी कोराडीच्या बसमध्ये चढलो. कंडक्टरने तिचं वेगळं तिकीट फाडलं.

फोम बुडाला. नुसता बुडाला नाही, त्याने आधी तलाव प्यायला. नाव पाण्यात सोडली, काका चढला, आणि ती एखाद्या म्हशीसारखी हळूहळू, सुखाने, डोळे मिटून खाली बसली. काका छातीभर पाण्यात उभा. त्याने बिडी मात्र वर धरली होती.

“डोंगा पानी पेऊन राहिला गा,” तो म्हणाला.

ती ओढून काढायला माझ्या पाळीतले सहा जण लागले. फोम आमच्या अंगणात तीन दिवस ठिबकत होता. वर वीज केंद्राची राख बसून त्याचा रंग हत्तीसारखा झाला. माझी बायको कौसल्या म्हणाली, “हे वाळलं का मले सांगजा, नाही तर मी माहेरी जाऊन वाळते.”

पण मी हरणाऱ्यांतला नाही. मी घरात बसून प्रयोग केले. बादलीत एकेक वस्तू टाकून पाहिली: बुचं, भोपळा, कौसल्येचा लाकडी पोळपाट, चपला. सगळ्यांत उत्तम तरंगला तो थर्माकोल. गणपती नुकतेच उठले होते, कॉलनीच्या मंडळाचं मखर गोदामात पडून होतं. मी ते मागून आणलं. दोन खांब, एक कमान, चार मोर. शेजारच्या सिंधूताई म्हणाल्या, मोर तरी ठेवा हो. मी म्हटलं, ताई, माणसाचा जीव मोठा की मोर? आणि मोर फळीखाली बसवले.

मग माझ्यातला फिटर जागा झाला. पाणी कुठूनही शिरू नये म्हणून मी डांबर उकळलं आणि वरून ओतलं. चुर्रर्र! मोर गेले. कमान गेली. बुढ्ढी के बाल जिभेवर विरघळतात तसा माझ्या डोळ्यांदेखत सगळा थर्माकोल नाहीसा झाला, आणि तळाला काळ्या लाह्यांसारखं काहीतरी उरलं. काका वाकून बघत होता. त्याने फक्त विचारलं की, सरकारले गरम चालते का थंड?

तीस तारीख चार दिवसांवर आली होती. काकाची झोप उडाली. तो रोज सकाळी काठावर बसून पाण्यातल्या वेलांकडे बघायचा आणि माझ्याकडे अजिबात बघायचा नाही. ते मला लागलं. त्या म्हाताऱ्याने माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवला होता, आणि माझं वाचणं पाण्यात बसत होतं.

शेवटी मी निमूटपणे सीताबर्डीला जाऊन मेणकापड आणलं. भैय्याजी म्हणाले, मी सांगत होतो. डांबर आधी लावून दोन दिवस थंड होऊ दिलं. थर्माकोलच्या नव्या लाद्या मेणकापडात गुंडाळून, टोकं सायकलच्या ट्यूबने आवळून, दोन्ही टोकांच्या फळ्यांखाली गच्च बसवल्या. एकोणतीस तारखेला नाव पाण्यात सोडली. काकाने ती एका बाजूने पार कलती केली, आत काठोकाठ पाणी भरलं, वर आम्ही दोघे चढलो. ती बुडेना! हलली, कुरकुरली, पण बुडेना. काकाने तिच्या काठावर थाप मारली आणि महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसला. काय सांगू, त्या क्षणी मला राष्ट्रपतींनी बोलावलं असतं तरी मी म्हटलं असतं, थांबा जरा.

तीस तारखेला नाव ‘समक्ष’ न्यायची होती. कोळसा ओतून रिकामा परतणारा एक ट्रक मी पटवला. त्याने आम्हाला सदर भागात उतरवलं, तिथून हातठेला केला. भर सीताबर्डीतून आमची नाव निघाली. पानठेल्यावरची माणसं विचारत होती, पूर येऊन राहिला का गा? व्हरायटी चौकात शिपायाने शिटी मारली आणि हे वाहन कोणत्या प्रकारात मोडतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, जलवाहन. तो विचारात पडला, तेवढ्यात आम्ही निघालो.

वाटेत मी काकाची तयारी करून घेतली. साहेब नावेची माहिती विचारतील. घाबरायचं नाही, लाजायचं नाही, विचारलं तेवढंच सांगायचं. काकाने घोकलं. नावेचं नाव देवकी. त्याच्या बायकोचंही नाव देवकी, तिच्यावरूनच ठेवलेलं.

साडेचार वाजता आम्ही तुमच्या खिडकीशी पोचलो. आत मधुसूदन म्हणून कारकून होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, “फोम भरला?” आता मला कळतं की ते काय म्हणाले. तेव्हा मला ऐकू आलं ते हेच.

“गच्च भरला,” काका म्हणाला.

“मग द्या इकडे.”

“बाहीर हाय. आत आनाले चार मानसं लागतीन.”

मधुसूदनांनी मान वर केली. एक कागद आणायला चार माणसं कशाला, असं त्यांनी विचारलं. मी अभिमानाने रस्त्याकडच्या खिडकीबाहेर बोट दाखवलं. खाली ठेल्यावर नाव, नावेत मेणकापड, भोवती पन्नास माणसं.

ते उठून खिडकीशी आले. मग म्हणाले, “अहो, फॉर्म. फॉर्म भरून आणायचा होता.”

“इथे फोम लिहिलंय.”

“आमच्या टायपरायटरचा रफार तुटलाय. दोन वर्षं झाली. अर्धचंद्रही उमटत नाही, त्याच्या जागी मात्रा मारतो.”

“आणि ‘नावे’?”

“नावे म्हणजे नावावर. स्वतःच्या नावे. त्यात ‘त’ कोणी लिहिला?”

टेबलावर भरलेल्या पंचवीस फॉर्मांचा गठ्ठा होता. मी विचारलं, मग बाकीच्या पंचवीस जणांना बरोबर कसं कळलं?

मधुसूदन म्हणाले, “त्यांना वाचता येत नव्हतं. ते इथे येऊन विचारून गेले.”

साहेब, ह्यावर मी फक्त टेबलावर मूठ आपटली आणि रफार ह्या विषयावर भाषण सुरू केलं. तेवढ्यात शिपाई धावत आला की ठेल्यामुळे साहेबांची जीप फाटकात अडकली आहे. मी भांडायला खाली धावलो. आणि तीच माझी दुसरी चूक. कारण पाच वाजत आले होते, आणि मधुसूदनांना दया आली. त्यांनी कोरा फॉर्म काढला आणि काकाला एकेक रकाना विचारून स्वतःच भरायला घेतला. मी वर आलो तेव्हा काकाच्या हातात शिक्क्याची पावती होती. सगळं बरोबर सांगितलं का, मी विचारलं. “तू शिकवलं तसंच,” काका म्हणाला. आम्ही नाव घरी आणली, कौसल्येने मला चहा दिला, आणि मी शांत झोपलो.

परवाना काल टपालाने आला. काका आणि देवकीकाकू समोर बसले, आणि मी तो मोठ्याने वाचला.

“परवानाधारकाचे नाव: कुमारी देवकी. वय: अठरा. रंग: डांबरी. जात: सागवान.”

जातीचा रकाना दिसला की माझं डोकं एरवीच फिरतं, काल तर ते गरगर फिरलं. मी पुढे वाचलं. “राहणार: तलावाचा दक्षिण काठ, खुंट्याला बांधलेली. ओळखीची खूण: डाव्या कुशीला पत्रा ठोकलेला.” आणि खाली, शाईने ठळक: “परवानाधारकाने तलावावर समक्ष हजर राहून सही केल्याशिवाय तोडणी सुरू करू नये.”

काका घाबरून म्हणाला, त्यानं नाव इच्यारलं, म्या नावेचं सांगतलं. देवकीकाकूने मात्र परवाना माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा पाहिला आणि कनवटीला खोचला. म्हणाली, सरकारने आपल्याला मालकीण केलंय, आता ह्या माणसाने शिंगाडे तोडायच्या आधी आपल्याला विचारायचं. आज सकाळपासून तो तीनदा विचारून आला. ती म्हणते, विचार करून राहिली.

तर साहेब, काठावर तुमचा माणूस शाईची डबी घेऊन उभा आहे. वेलीला शिंगाडे टपोरे झाले आहेत, आठ दिवसांत ते कठीण होऊन तळाला पडतील. सही कोणी करायची? काकूने केली तर तिच्या कुशीला पत्रा नाही. नावेने करायची तर अंगठा कोणता घ्यायचा? नाव बदला, जात खोडा, पत्ता दुरुस्त करा. वयाला मात्र हात लावू नका, असं काकूचं सांगणं आहे.

लेखी उत्तर द्या.