किरणवाल्या मुगातली भेसळ

चेतनाने जुन्या लाल ओढणीच्या सतरा चिंध्या फाडल्या, तरी घरात कुणी विचारलं नाही की ही काय करतेय. नवरा भाग्येश अंकलेश्वरच्या कारखान्यात, पंधरा दिवसांनी घरी येणारा. सासू दगूबाई वावरात असली तर वावरात, घरात असली तर गप्प. दगूबाई बोलायची अहिराणी, साताऱ्याची चेतना बोलायची पुस्तकातलं. दुसरी आपल्याला हसेल, असं दोघींनाही वाटायचं. त्यामुळे लग्नाला दोन वर्षं होऊनही प्रकाशा गावातल्या त्या घरात बोलणं मीठमिरचीपुरतंच.

त्यात हा मूग. कृषी केंद्राचे गिरासे साहेब वनस्पतिशास्त्र शिकलेली सून शोधत आले आणि एक गुंठा पेरून गेले. या मुगाच्या आईवर, ती बी असतानाच, गॅमा किरण सोडले होते. एकेका आईची पोरं एकेका रांगेत. त्यांत कुठं बुटकं, कुठं लवकर पिकणारं असं वेगळं रोप निघालं की चेतनाने खूण करायची, वहीत लिहायचं. अशी रोपं निघाली तर पुढच्या वर्षी मोठा प्लॉट तिलाच. नाही निघाली तर काम बंद. चेतनाला घराबाहेर पडायचं दुसरं निमित्तच नव्हतं.

पण तिने गल्लीतल्या बायकांना किरण फार नीट समजावून सांगितले. रोपांत आता काहीच उरलेलं नाही, घाबरू नका, असंही सांगितलं. आणि स्वतःच्या अकरा महिन्यांच्या लेकीला मात्र वीस पावलं लांब, निंबाखाली बाजेवर ठेवलं. बायकांनी ते बघितलं. तेव्हापासून त्या पलीकडच्या बांधावरून जायला लागल्या, आणि चेतनाकडे चहालाही कुणी येईना. मग ती रोपांशीच बोलायची. बुटक्याला विचारायची, बाबा, तुला तरी करमतं का?

सतरा रोपांना चिंध्या बांधून झाल्या आणि लेकीला ताप भरला. शहाद्याच्या डॉक्टरांनी दात येतायत म्हणून सांगितलं, तरी चेतना खात्रीसाठी दोन दिवस तिथेच मामेसासऱ्यांकडे थांबली. परत आली तर अख्खा प्लॉट इस्त्री केल्यासारखा. एका उंचीचा, एका रंगाचा. चिंधी एकही नाही.

दगूबाई विहिरीवर हात धूत होती. आयुष्यभर तिने घरच्या वावरात कंपनीसाठी बियाण्याचे प्लॉट केले होते, आणि तिथला नियम एकच: वेगळं दिसलं की भेसळ, उपटून टाक.

"तू एकलीच दिनभर वाकी ऱ्हास," ती खाली बघत म्हणाली. "म्हनं तुन्हं काम हलकं करी टाकू. खुना तं तू करेलच व्हत्यात."

इतकं लांब वाक्य सासूने पहिल्यांदाच उच्चारलं होतं. त्यावर रडायचं कसं, हेच चेतनाला कळेना.

उपटलेली रोपं शेजारच्या भिकनच्या बकरीपुढे टाकली होती. चेतना धावत गेली आणि बकरीने सगळं खाल्लं का, एवढंच विचारलं. पण तिचा चेहरा बघून भिकनने बकरी वेगळी बांधली, दूध ओतून टाकलं आणि शेजारी बातमी दिली. संध्याकाळपर्यंत गल्ली लोटली. दोन वर्षांत चेतनाच्या दारात आली नव्हती तेवढी माणसं बकरीला भेटून गेली. बकरी मजेत रवंथ करत होती. चेतनाला तिचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. चेतनाने वही पुढे केली आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी बांधावर बसून वही पानापानाने चाळली.

"रांगा तर आहेत ना," शेवटी ते म्हणाले. "उरलेल्या भावंडांच्या पोटात तो गुण लपलेला असू शकतो. त्यांचं बी पेरलं की निघेल एखाद्यात. तुमच्या सतरा नोंदींच्या रांगा वेगळ्या काढू."

"सतरा कसा?" निंबाखालून दगूबाई म्हणाली. "मी तं तेवीस काढात."

ती उठून प्लॉटमध्ये शिरली आणि सहा जागी टाच रोवली. "आठे एक, पान गोल व्हतं. आठे दुसरं, त्याले फूल चार दिन पहिले उनं." अशी सहाही. चेतनाने त्या रांगा रोज तपासल्या होत्या. तिला यातलं एकही दिसलं नव्हतं.

"मावशी, ओळखलं कसं?" साहेब उभे राहिले होते.

"जे रांगमा बसत नही, ते डोळाले टोचस."

साहेबांनी तिथल्या तिथे कागद काढला. पुढच्या वर्षीचा मोठा प्लॉट आणि उद्यापासून या उरलेल्या रांगाही, निरीक्षक दगूबाई. मदतनीस म्हणून लिहायला चेतना. उपटायचं मात्र काहीच नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

सकाळी चेतना उठली तर सासू लेकीला कडेवर घेऊन दारात उभी. "चाल लवकर. आनि पोरगीले बाजवर टाकानं नही, वावरमा खेळू दे. मन्हा हाताखाले काम करनं शे तं असं घाबरीसन चालाव नही."

"हो, आई," चेतना म्हणाली.

मग दगूबाई जी बोलायला लागली ती थांबेना. सातव्या रांगेपर्यंत चेतनाला भाऊबंदांची तीन भांडणं, दोन मोडलेल्या सोयरिकी आणि भाग्येशच्या लहानपणीच्या सगळ्या खोड्या कळल्या. वहीत मुगाबद्दल अजून एक ओळ पडली नव्हती.