डबीतला बाबूजी

ट्रक सुरू करण्याआधी नामदेवभाऊ भांग पाडायचे. केस मोजकेच उरलेले, तरी पाडायचे. मग काचेवर चिकटवलेल्या जीपीएसच्या डबीकडे पाहून म्हणायचे, "बाबूजी, निघून राह्यलो बरं."

हा बाबूजी म्हणजे मी. सौंसरच्या एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बसून चौदा ट्रकांवर नजर ठेवणं हे माझं काम. भाऊंच्या मते मी डबीत राहायचो. हा समज माझाच प्रताप.

झालं असं, की पांढुर्ण्याची संत्री भरून निघालेले भाऊ वाटेत थांबतच नसत. चार तास चालवलं की अर्धा तास आराम, असा मालकाचा नियम. भाऊ म्हणायचे, "थांबून करू काय? बोलू कोनाशी?"

शेवटी मी ठोकून दिलं, "या डबीतून मले सगळं दिसते, भाऊ. तुम्ही झोपले का नाही, ते बी."

भाऊ घड्याळ लावल्यासारखे थांबू लागले. मी स्वतःवर भलताच खूश! पण ते डबीसमोर डबा उघडून दाखवू लागले. भेटले की विचारायचे, "कालची भाजी पाह्यली का?"

"पाह्यली. तिखट जास्त होतं."

"बरोब्बर!"

एकदा म्हणाले, "रामाकोना गावाजवळ नवा शर्ट घालून दाखवला तुम्हाले. कसा वाटला?"

"रंग खुलून दिसते तुमच्यावर," मी म्हणालो. शर्ट पांढरा निघाला. भाऊंना तेही पटलं.

गेल्या आठवड्यात ट्रक ऑफिससमोर लावून ते आत आले. चेहरा पार उतरलेला.

"बाबूजी, मंगळवारी बैतूलच्या पुढं ताप भरला. हात थरथरून राह्यले होते. गाडी बाजूला घेतली, तुम्हाले सांगितलं. दुपारभर वाट पाह्यली. तुमचा फोन काहून नाही आला?"

"अन् तुम्ही काहून नाही केला?"

"मी कायले करू? तुम्ही तं पाहूनच राह्यले होते नं!"

मी उठलो. त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं आणि कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला.

"यात मानूस दिसत नाही, भाऊ. आवाज बी येत नाही. मी खोटं बोललो होतो. एका गाडीचा एक टिपका दिसते, बस."

ते वाकून पाहत राहिले. "भाजी बी नाही?"

"नाही."

"शर्ट?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी चौदाही टिपक्यांवरून नजर फिरवली.

"मंग याच्यात मी कोनता?"

निदान एवढं तरी मला सांगता यायलाच हवं होतं. मी झटकन एका टिपक्यावर बोट ठेवलं. तो तिगावच्या बाजूला हळूहळू सरकत होता.

"हा तं चालून राह्यला," भाऊ म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मी तुमच्यापाशी बसलो आहो नं, बाबूजी."