काळ्यावर काळं

तबकडीवरचं एक अक्षरही वाचता येता कामा नये, हा हट्ट खुद्द गायकाचा. ‘काळोखाचे वारसदार’ या नव्या गॉथिक बँडची ही पहिलीवहिली रेकॉर्ड, तीही मोजक्याच प्रतींची. म्हणून काळ्या लेबलवर काळ्याच शाईने छपाई झाली आणि गाण्याचं नाव, वेग, सगळं गुडुप झालं.

गायकाला बँडमध्ये पिपाणी म्हणत. डोळ्यांत काजळ, अंगात पायघोळ काळा कोट, सगळं कसं झकास भयाण होतं. फक्त तोंड उघडलं की पंचाईत. ‘माझ्या कबरीवर चंद्र’ म्हणताना त्याचं बोट दारात सापडलंय असंच वाटे. गिटारवालीने त्याला बजावलं होतं, "आज दुकानात रेकॉर्डी खपल्या तर ठीक. नाहीतर उद्यापासून ड्रमरचा मावसभाऊ गाणार. तो नुसतं ‘पाणी दे’ म्हणाला तरी अंगावर काटा येतो."

पिपाणीला तर गाण्यावाचून दुसरं काही आवडतच नव्हतं.

संध्याकाळी रेकॉर्डच्या दुकानात बरी गर्दी जमली. पिपाणीची आई पुढची खुर्ची पकडून बसली होती. दुकानदारकाकांनी तबकडी उलटसुलट केली, चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला.

"कुठल्या वेगावर लावू रे हिला?"

कुणी हूं की चूं केलं नाही. गाणं संपेपर्यंत लोकांसमोर अवाक्षर काढायचं नाही, हा बँडचा नियमच होता. त्याने दरारा वाढतो म्हणे. चौघंही काळे चष्मे लावून भिंतीकडे बघत राहिले.

"बरं बाबा, राहिलं," म्हणत काकांनी अंदाजपंचे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांचा खटका दाबला. गाणं होतं पंचेचाळीसचं.

स्पीकरमधून जो आवाज आला, त्याने कपाटाच्या काचा थरथरल्या. खोल, जड, दमलेला, जणू खरोखरच कुणी मातीखालून बोलत होतं. गर्दीत भराभर रुमाल निघाले. आईने पदर डोळ्यांना लावला.

पिपाणी सगळा नियम विसरून खटक्याकडे धावला. गिटारवालीने त्याच्या पायावर बूट रोवला आणि ती कुजबुजली,

"जागचा हलू नकोस. लोक रडतायत."

"अगं, पण तो मी नाहीये!"

"तूच आहेस. जरा सावकाश आहेस, एवढंच."

गाणं संपताच गल्ल्याशी झुंबड उडाली आणि एकही प्रत उरली नाही. खुशीत आलेल्या काकांनी जाहीर करून टाकलं, "येत्या शनिवारी हेच गाणं इथे प्रत्यक्ष!" मावसभाऊ हिरमुसून घरी गेला.

पिपाणीचा मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. बँडमधली जागा टिकल्याचा आनंद होता, पण शनिवारी तो आवाज आणायचा कुठून? निदान आईला तरी खरं सांगावं, असं ठरवून सकाळी त्याने स्वतःची प्रत काढली आणि बरोबर वेगावर लावली.

आई भाजी चिरता चिरता थांबली. तिने कान देऊन सगळं गाणं ऐकलं.

"पोरगी गुणी आहे हो," आई म्हणाली. "पण शनिवारी हिला आणू नका. तू एकटाच गा."