लावालावीचं प्रकरण

फरगाना खोऱ्यात गुप्तहेर दोन प्रकारचे आहेत. एका प्रकाराला पुरावा लागतो. दुसऱ्या प्रकारात मी एकटाच आहे. माझं नाव हिकमतुल्ला. रिश्तान गावात बत्तीस वर्षं घरोघर विजेचे मीटर वाचले आणि मीटर वाचता वाचता माणसं वाचायला लागलो. दार उघडायला किती वेळ लागला यावरून आत किती शेगड्या चालू होत्या, हे मी उंबऱ्याबाहेरून सांगत असे. निवृत्तीनंतर ही विद्या गंजू नये म्हणून मी स्वतःची गुप्तहेरपदी नेमणूक केली. कुणी विरोध केला नाही. बायको, ओयदिन, तेव्हा माहेरी गेली होती.

या वसंतात आमची सून शोइरा पोटुशी राहिली. मुलगा ताश्कंदला कामाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरीला रोज अंडी द्या, मधूनमधून रस्सा पाजा. अंगणात तुतीच्या झाडाखाली एकच खुराडं मावेल एवढी जागा. ओयदिनचं मत कोंबड्या. माझं मत लावे. त्यांना जागा कमी, दाणा कमी, दीड-दोन महिन्यांत अंड्यावर येतात आणि रस्सा तर औषधच.

"एक कोंबडी कापली की घर जेवतं," ओयदिन म्हणाली. "लाव्याच्या अंगावरचं मांस शोधायला मात्र गुप्तहेरच लागेल."

तिनं माझ्या धंद्याची पहिल्यांदाच दखल घेतली होती. मी खूश झालो आणि टोपी चढवून निघालो. चाळीस दिवस लावे ठेवायचे, अंडी आली नाहीत तर कोंबड्या, असं ठरलं.

आमचे व्याही एर्गाशबोय, म्हणजे शोइराचे वडील, लावे पाळतात. पूर्ण वाढलेले पक्षीच देतो म्हणाले आणि कोपऱ्यातले मुके पक्षी पुढे केले. आजारी माल खपवतायत, हे मी तात्काळ ताडलं. मी पिंजऱ्या-पिंजऱ्याला कान लावला आणि खणखणीत गळ्याचे बारा निवडले. व्याह्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं.

तीन आठवडे झाले. बाराही जण पहाटेपासून गात होते. अंडं एकही नाही.

सामान्य माणूस म्हणाला असता, पक्षी अंडी देत नाहीत. मी खोलात गेलो. रोज दाणा आत जातो. आत गेलेलं बाहेर यायलाच हवं. अंडी बाहेर आलेली दिसत नाहीत. सबब, चोरी.

पहिला संशय साळुंकीवर होता. दोन दिवस नजर ठेवली, पण तिची वागणूक निर्दोष निघाली. मग खुराड्याभोवती पीठ पसरलं आणि सकाळी त्यात रबरी बुटाचा मोठा, टाच झिजलेला ठसा सापडला. तीन तास त्या राक्षसाच्या मागावर राहिल्यावर ओयदिननं माझा बूट आणून त्या ठशावर ठेवला आणि पीठ वाया घालवल्याबद्दल जे बोलायचं ते बोलली. शेजारच्या हफीझाबाईंचे सामसे, म्हणजे भट्टीत भाजलेले समोसे, त्या आठवड्यात फार चकाकत होते. अंडं फासल्याशिवाय अशी चकाकी येत नाही. मी तपासणीसाठी चार मागून घेतले. चव उत्तम होती, पण पुरावा उरला नाही.

राहता राहिले व्याही. दर शुक्रवारी लेकीला भेटायला यायचे. लांब झगा, खोल खिसे. खुराड्याकडे बघायचे आणि ओठ चावून हसू दाबायचे. निरपराध माणूस हसू कशाला दाबेल?

त्या शुक्रवारी चहाच्या वेळी मी सरळ म्हणालो, "व्याही, खिसे दाखवा."

व्याह्यांनी पेला खाली ठेवला. एक खिसा उलटा केला, त्यातून सूर्यफुलाच्या बिया पडल्या. दुसऱ्यातून रुमाल निघाला, आणि रुमालात लेकीसाठी आणलेल्या सुक्या जर्दाळूंची पुरचुंडी. मग झगा सारखा करून ते उठले.

शोइरा दारात उभी होती. लग्नाला अकरा महिने झाले होते. माझ्यासमोर तिचा आवाज 'हो'च्या वर कधी गेला नव्हता.

"मामंजी," ती म्हणाली, "अंडी कुणीच चोरली नाहीत. बाराच्या बारा नर आहेत. गातो तो नर. मादी अशी गात नाही."

खुराड्यात बाराही जण गातच होते. मी ओयदिनकडे पाहिलं. तुला माहीत होतं का, असं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. पण तुम्ही शोध लावत होतात, विचारलंत कुठं? लावे आणलेत बारा, लावी एकही नाही. आणि लावालावी मात्र थेट व्याह्यांपर्यंत."

आणि व्याही गप्प का राहिले? लेकीच्या सासऱ्याला नर-मादी कळत नाही, हे त्याच्या तोंडावर सांगायची त्यांची छाती झाली नव्हती.

आयुष्यात प्रथमच माझ्याजवळ एकही तर्क उरला नव्हता. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "व्याही, चुकलो. माफ करा." ते उभेच राहिले. तेवढ्यात शोइरानं त्यांचा पेला पुन्हा भरला, पण अर्धाच. आमच्याकडे पेला काठोकाठ भरला तर पाहुण्यानं उठावं, आणि अर्धा भरला तर अजून बसावं. व्याही लेकीकडे बघत राहिले, मग बसले. दुसऱ्या घोटाला त्यांना हसू आलं आणि ते त्यांनी या वेळी दाबलं नाही.

पुढल्या शुक्रवारी ते सहा कोंबड्या घेऊन आले. माझे गवई चहाखान्यात गेले. तिथं लावे गाण्यासाठीच पाळतात, अंड्यांची अपेक्षा कुणी करत नाही.

आता खुराड्यात रोज पाच अंडी सापडतात. काल चारच होती. मी तपासाची वही उघडली, टोपी घातली, पीठ मागायला स्वयंपाकघराकडे वळलो.

"मामंजी," आतून शोइराचा आवाज आला, "एक मी कच्चंच खाल्लं. भूक लागली होती."

मी वही मिटली. गुन्हेगार असे आपणहून कबुली द्यायला लागल्यावर या धंद्यात राम उरत नाही. तिला आणखी एक नेऊन दिलं.