किती विचारणारा हीटर

"लिपी एक, शब्द एक, काम एक. मग दुभाष्या कशाला हवा?" असं मास्तर मालकीणबाईंना तोंडावर म्हणाले आणि आपल्या टेबलाशी परत येऊन पाय लांब करून बसले.

मास्तर शिकवणारे मास्तर नव्हते. हीटरच्या कारखान्यात छपाईचं काम त्यांच्याकडे होतं. खोक्यावरचा मजकूर, माहितीपत्रकं, बटणांभोवतीच्या पट्ट्या, सगळं त्यांच्या नजरेखालून जायचं. येता-जाता कोणाचंही शुद्धलेखन सुधारायचे, म्हणून ते मास्तर. तरुणपणी गझलांच्या नादाने त्यांनी उर्दू लिपी शिकून घेतली होती, पुढे थोडी फारसीही. उजवीकडून डावीकडे वाचता येणारा अख्ख्या कारखान्यात तो एकच माणूस, आणि ही गोष्ट कोणी विसरू नये याची काळजी तो माणूस स्वतःच घ्यायचा.

हीटरच्या बटणाला दोन टोकं. एका टोकाला मास्तरांनी लिहिलं होतं 'कम', दुसऱ्याला 'ज्यादा'. उर्दू वाचणाऱ्या गावी माल गेला, खपला. फारसी वाचणाऱ्या गावी गेला, तिथेही खपला. आता अरबी वाचणाऱ्या एका व्यापाऱ्याची मागणी आली होती. ती आणली होती मास्तरांच्या मेहुण्याने. मेहुणा त्याच कारखान्यात विक्री बघायचा.

"दाजी, एकदा अरबी येणाऱ्या कोणाला तरी दाखवून घेऊ," मेहुणा म्हणाला होता.

"काय दाखवणार? कम म्हणजे कम. आपल्याकडचं कमी, कमकुवत, कमनशिबी, सगळं याच घरातलं. एवढासा शब्द, दोन अक्षरांचा. त्यात बिघडायला जागा तरी आहे का?"

माल गेला. हिवाळा सुरू झाला. आणि एका सकाळी मेहुणा छपाईच्या खोलीत आला तो चेहरा पाडूनच.

"दाजी, हीटर विचारतोय."

"काय विचारतोय?"

"किती."

"किती काय?"

"एवढंच. किती."

"अरे, पण किती हीटर विचारतायत?"

"सगळेच विचारतायत. किती."

मास्तरांचा पारा चढला. "तू नीट सांगणार आहेस का? मी विचारतोय, किती?"

"दाजी, तुम्ही नाही, हीटर विचारतोय. अरबीत 'कम' म्हणजे किती. तुमच्या त्या शब्दाचा अर्थ तिकडे 'किती?' असा होतो."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माझा शब्द बरोबर आहे," ते म्हणाले. "त्यांची भाषा चुकतेय."

पण गोष्ट तेवढ्यावर थांबली नव्हती. दुसऱ्या टोकाच्या 'ज्यादा'चा अर्थ तिकडे वाढ असा लागत होता. म्हणजे दुकानात गिऱ्हाईक हीटरसमोर उभं राहायचं, तर बटणाच्या एका टोकाला 'किती' आणि दुसऱ्या टोकाला 'वाढ'. गिऱ्हाइकांना वाटलं, हा हीटर भाव करतोय. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर दुकानदाराला सुनावलं की, किंमत वाढवायची तर तोंडाने सांग, यंत्राच्या आडून काय बोलतोस? दुकानात वादावादी झाली, ते गृहस्थ तणतणत बाहेर पडले आणि जाताना आणखी दोन गिऱ्हाइकांना घेऊन गेले. व्यापारी भडकला होता. माल परत पाठवतो म्हणत होता.

मालकीणबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी मास्तरांना बोलावलं आणि शांतपणे सांगितलं, "उद्या त्यांच्याशी व्हिडिओवर बोलायचंय. माल परत आला, तर यापुढे छपाईचं काम बाहेर देऊ. तुम्ही स्क्रूच्या विभागात बसा. तिथे वाचायला काही नसतं."

मास्तर घरी आले ते धुमसतच.

"आयुष्य घालवलं मी अक्षरांत," ते बायकोला म्हणाले. "आणि आता स्क्रू? बरोबर शब्द लिहिला म्हणून? दोन भाषा एका बाजूला आणि एक भाषा एका बाजूला. बहुमत माझ्याकडे आहे."

बायको चादरींच्या घड्या घालत होती. "यात एवढं काय आश्चर्य? शब्द घर बदलला की अर्थ बदलतोच."

"कसा बदलतो?"

"माझ्या माहेरी 'बघू' म्हटलं की काम झालंच समजायचं. या घरात आले आणि तुम्ही 'बघू' म्हणालात की मी खूश व्हायचे. या घरात 'बघू' म्हणजे 'नाही', हे कळायला मला किती वर्षं लागली! त्या बिचाऱ्या व्यापाऱ्याला तर महिनाही झाला नाही."

"तू भावाची बाजू घेतेयस."

"मी व्यापाऱ्याची बाजू घेतेय. ही चादर धरा जरा."

मास्तरांनी चादर धरली, पण रागाने धरल्यामुळे घडी वाकडी पडली आणि पुन्हा घालावी लागली.

आता त्यांना साक्षीदार हवा होता. कोपऱ्यावरच्या दुकानातले शिंपी कितीतरी वर्षं परदेशात अरबांचे कपडे शिवून आले होते. मास्तरांनी एक पट्टी खिशात टाकली आणि तडक त्यांना गाठलं.

"हे वाचा," ते म्हणाले. "आणि खरं काय ते सांगा. भिडेखातर काही बोलू नका."

शिंप्यांनी पट्टी उजेडात धरली. "बाही," ते म्हणाले.

"काय?"

"बाही. सदऱ्याची असते ना, ती. लिहायचं असंच, फक्त उच्चार 'कुम्म'. मापाच्या प्रत्येक चिठ्ठीवर असायचं. आयुष्यभर हेच वाचलंय."

"अहो, ही हीटरची पट्टी आहे."

"मला कोणी सांगितलं हीटरची म्हणून?" शिंपी दुखावले. "तुम्ही वाचा म्हणालात, मी वाचलं."

"याचा अर्थ 'किती' होतो का, एवढंच सांगा."

"होतो की. पण ते कोणी काही विचारत असेल तेव्हा. इथे कुठे प्रश्नचिन्ह आहे?"

मास्तर तिथल्या तिथे ताठ झाले. प्रश्नचिन्ह! खरंच की, पट्टीवर प्रश्नचिन्ह नव्हतं. मग हीटर विचारतोय असं म्हणायला आधार काय? त्यांनी शिंप्यांचे दोन्ही हात हातात घेतले. शिंप्यांना वाटलं, सदरा शिवायचाय. ते माप घ्यायला लागले. मास्तर तसेच टेप अंगावर घेऊन रस्त्यावर आले आणि शिंप्यांना टेपसाठी मागे पळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर व्यापारी दिसला. जाडजूड माणूस, शेजारच्या टेबलावर हीटर, आणि बटण मुद्दाम कॅमेऱ्याकडे वळवलेलं. तो इंग्रजीत बोलत होता, मेहुणा ते मराठीत सांगत होता. व्यापाऱ्याचं म्हणणं सरळ होतं. चूक मान्य करा, नव्या पट्ट्या पाठवा, मी लावून घेतो. गोष्ट तिथेच मिटत होती. मालकीणबाईंनी मान हलवायलाही घेतली होती.

"एक मिनिट," मास्तर म्हणाले. "त्यांना सांग, या शब्दाचा अर्थ 'किती' नाहीच. प्रश्नचिन्ह कुठे आहे?"

मेहुण्याने डोळ्यांनीच नको म्हटलं. मास्तरांनी ऐकलं नाही. मेहुण्याने सांगितलं. व्यापाऱ्याने चष्मा लावून बटण पाहिलं.

"ते विचारतायत, मग अर्थ काय?"

"बाही," मास्तर म्हणाले.

मेहुण्याने हे सांगायला जरा वेळ घेतला. मग व्यापारी काहीतरी म्हणाला.

"ते विचारतायत, हीटरला बाही कशासाठी?"

मास्तर एवढे पुढे आले होते की मागे जायला वाट उरली नव्हती. "सूचना आहे ती," ते म्हणाले. "हीटर मंद ठेवला, तर थंडी वाजणार. तेव्हा बाह्या खाली सोडाव्यात."

व्यापाऱ्याने हळूच आपल्या बाह्यांकडे पाहिलं. मग तो हसू लागला, एवढा की टेबल हललं आणि हीटर पडद्यातून निम्मा बाहेर गेला. त्याने आत कोणाला तरी हाक मारली, आणखी दोघं आले, त्यांनाही ते सांगितलं गेलं, तेही हसले. शेवटी डोळे पुसत तो म्हणाला की माल ठेवतो, पण हे बटण बदला.

माल वाचला. मालकीणबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मेहुण्याने दाजींच्या पाठीवर थाप मारली. एकट्या मास्तरांचाच संताप मावेना. माणसाने जीव तोडून युक्तिवाद करावा आणि समोरच्याने विनोद समजून तो मान्य करावा, याला काय म्हणायचं?

नवा अरबी शब्द मागवला, तर तो एवढा लांब निघाला की बटणाला वळसा घालून 'ज्यादा'च्या जागी पोचत होता. मालकीणबाई म्हणाल्या, "शब्द बंद. एका टोकाला लहान ज्योत, दुसऱ्या टोकाला मोठी. सगळ्या गावांना एकच पट्टी."

"चित्र मी काढणार," मास्तर म्हणाले. "बाहेरचा माणूस यात नको."

मास्तरांना स्क्रू मोजायला बसवण्यापेक्षा ते बरं, म्हणून मालकीणबाईंनी होकार दिला. मास्तरांनी मन लावून ज्योती काढल्या. पट्ट्या छापल्या, तिन्ही गावांना गेल्या.

काही आठवड्यांनी मेहुणा पुन्हा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"आता काय?" मास्तर म्हणाले. "आता तर एकही शब्द नाही."

"शब्दाची तक्रार नाही, दाजी. ते विचारतायत की बटणाच्या एका टोकाला लसणाची पाकळी आणि दुसऱ्या टोकाला कांदा कशासाठी?"

मास्तरांनी पट्टी उचलली. जवळून पाहिली, मग हात लांब करून पाहिली.

"हे नेमकं कोणत्या भाषेत विचारतायत?" त्यांनी कठोर आवाजात विचारलं.

मेहुण्याने जरा घुटमळत सांगितलं, "तिन्ही भाषांत, दाजी."