आइलीमावशीसाठी उपग्रह

"आणि छपरावर चढणाऱ्याला ती म्हातारी कॉफी तरी देणार आहे का, तेही कुठे लिहिलेलं नाही."

हे वाक्य सौनाच्या फळीपलीकडून माझ्या कानावर पडलं. बायकांची वेळ संपत आली होती आणि मी शेवटच्या वाफेत बसले होते. बाहेर कपडे बदलायच्या खोलीत शेजारचा तौनो माझ्या नवऱ्यापाशी कुरकुरत होता. त्याचं अँटेनाचं दुकान आहे, आणि आमच्या पालिकेच्या उपग्रह-जोडणीची निविदा त्याला भरायची होती. बेटावर वीज गेली तर बॅटरी कुणी द्यायची, छपराला शिडी आहे का, आणि वर ही कॉफी, असं त्याचं रडगाणं चाललं होतं. नवरा नुसता हं हं करत होता. आमच्याकडे याला भरपूर गप्पा झाल्या म्हणतात.

दुसरी कुणी असती तर टॉवेल गुंडाळून घरी गेली असती. पण सरकारी खरेदी कशी करावी हे मला विचारा! शाळेच्या स्वयंपाकघरात मी बटाटे सोलायला लागले, मग तेच बटाटे विकत घ्यायला लागले. खरेदीचा कायदा मी कुणाकडे शिकले नाही. पुस्तक ओट्यावर उभं करून सूप ढवळता ढवळता पाठ केला. पुढे पालिकेने मला शाळेची बस घ्यायला लावली, बर्फ काढायचं यंत्र घ्यायला लावलं आणि यंदा एकदम उपग्रह. बटाटा काय नि उपग्रह काय, नियम एकच. एका निविदाकाराला जे कळलं ते सगळ्यांना कळवायचं. निविदा रद्द केली तरी का केली ते सगळ्यांना कळवायचं.

आणि ही जोडणी हवी होती ती आइलीमावशीसाठी. अख्ख्या गावाने शाळेत तिच्या हातचं गुरुवारचं वाटाण्याचं सूप खाल्लंय. ऐंशी उलटल्यावरही ती तेर्वालुओतो बेटावर एकटी राहत होती. तिथला मोबाइलचा खांब कंपनीने काढून नेला, कारण गिऱ्हाईक एकच. मावशीचं हृदय अधूनमधून संप पुकारतं, तेव्हा नर्सला ती पडद्यावर तरी दिसायला हवी. आणि हिवाळ्याच्या तोंडाशी समुद्रावरचं बर्फ असं असतं, की माणसाचं वजन पेलत नाही आणि होडीलाही वाट देत नाही. त्याआधी जोडणी यायलाच हवी. नाहीतर...

'नाहीतर'च्या पुढे आमच्या पालिकेत कुणी जात नसे. आमचे मुख्याधिकारी राइमोसाहेब बैठकीत 'नाहीतर'पर्यंत यायचे आणि सगळ्यांच्या कपात कॉफी ओतायला लागायचे.

तर सोमवारी मी तौनोची कुरकुर प्रश्नोत्तरं म्हणून निविदांच्या पोर्टलवर टाकली. बॅटरी पुरवठादाराने द्यावी. शिडी आहे. कॉफी रहिवासी देतील. कशी चोख!

लगेच लक्झेंबर्गच्या कंपनीने विचारलं, की कॉफी हा सेवेचा भाग आहे का, आणि रहिवासी आजारी पडल्यास पर्यायी व्यवस्था काय. ब्रेमेनच्या कंपनीने विचारलं, की त्यांचा तंत्रज्ञ चहा घेतो, तर त्याचे गुण कापले जातील का. मी सगळ्यांना सगळं कळवलं. एका उत्तराला दोन प्रश्न फुटत होते, जुन्या बटाट्याला कोंब फुटावेत तसे. शेवटी लक्झेंबर्गने जागा पाहायची परवानगी मागितली. एकाला दाखवायची म्हणजे सगळ्यांना दाखवायची. भरली होडी!

जाताना मी बजावलं, की आज माझ्याशी कुणी खासगीत बोलायचं नाही. तौनोला हे सांगायची गरजच नव्हती; त्याची कुरकुर पोर्टलवर टाकली तेव्हापासून तो माझ्याशी बोलतच नव्हता. लक्झेंबर्गचे गृहस्थ मात्र चकचकीत चामडी बूट घालून आले होते आणि वाटभर शेवाळावरून घसरत, मोठ्याने देवाला हाका मारत होते. ते खासगीत मोडतं का, याचा मी विचार करत राहिले.

मावशीने टेबलावर नक्षीचा टेबलक्लॉथ घातला होता. दालचिनीच्या बनांचा वास पार धक्क्यापर्यंत येत होता. दाराआड एक तपकिरी बॅग उभी होती. दवाखान्यासाठी भरून ठेवली असेल, असं मला वाटलं. मावशीने मला चुलीपाशी ओढलं आणि हळूच विचारलं, "गावात दुकानाच्या वरची खोली रिकामी झाली म्हणतात, खरं का ग?"

"मावशी, आज काही विचारू नकोस," मी म्हटलं. "तू जे विचारशील ते मला सगळ्यांना छापून कळवावं लागेल."

मग तिने प्रत्येकाच्या ताटलीत एकेक बन वाढला. आता तौनो शाळेत काडीपैलवान होता, आणि तेव्हापासून त्याच्या ताटलीत दुसरा वाढायची तिच्या हाताला सवय. हात सवयीने गेलाच, आणि त्याला दुसरा बन मिळाला. मी पाहिलं. लक्झेंबर्गच्या गृहस्थांनीही पाहिलं, आणि छपराचे फोटो काढता काढता टेबलाचाही एक काढला.

निविदा तौनोने जिंकली. आठवड्याच्या आत लक्झेंबर्गवाले सरकारी खरेदीच्या तक्रारी ऐकणाऱ्या बाजार न्यायालयात गेले. निविदाकारांना असमान वागणूक! पुरावा म्हणून ताटलीचा फोटो जोडलेला. निकाल लागेपर्यंत करार करता येईना.

बिचाऱ्या तौनोने लेखी सांगितलं, की दुसरा बन मी खाल्लाच नाही, खिशात घालून बायकोसाठी नेला. समोरून उत्तर आलं, की म्हणजे लाभ त्रयस्थ व्यक्तीकडे वळवला. त्यानंतर तौनोची बायकोही माझ्याशी बोलेनाशी झाली. ती आधीही फारशी बोलत नसे, पण हे न बोलणं वेगळं होतं.

राइमोसाहेबांनी विचारलं, तातडीची म्हणून थेट खरेदी नाही करता येणार? मी पुन्हा पुस्तक ओट्यावर उभं केलं. तातडी अनपेक्षित असावी लागते. बर्फ दर वर्षी येतं. पुन्हा काही कानावर पडायला नको, म्हणून सौनात जायचं मी सोडून दिलं. मला वाफेचीसुद्धा धास्ती वाटायला लागली होती. आकाशात शेकड्यांनी उपग्रह फिरत होते, दिवसातून कितीदा तरी मावशीच्या छपरावरून जात होते, आणि दालचिनीच्या एका बनापायी त्यातला एकही मला खाली ओढता येत नव्हता. मावशीला तिच्या बेटावर ठेवण्यासाठी एवढं शिकले, आणि शिकल्यामुळेच काही करता येईना.

नोव्हेंबरात शेवटची होडी निघाली, तेव्हा राइमोसाहेब, तौनो आणि मी असे आम्ही तिघं बेटावर गेलो. जोडणी येत नाही हे तोंडावर सांगायला हवं होतं. किनाऱ्याच्या पाण्यावर दुधावर साय धरावी तसं बर्फ धरलं होतं. मावशीने कॉफी ओतली. मग माझ्याकडे बघत बघत प्रत्येकाच्या ताटलीत एकेकच बन ठेवला. तौनोच्याही. तो त्या ताटलीकडे असा बघत होता, की मला तोंड फिरवावं लागलं.

शेवटी राइमोसाहेबांनी घसा साफ केला.

"जोडणी काही यंदा होत नाही, मावशी. आमचे प्रयत्न चालू आहेत. पण बर्फ पक्कं धरायच्या आत काही झालं नाही, तर मग... नाहीतर..."

आणि ते कॉफीच्या किटलीकडे हात नेऊ लागले. मावशीने किटली उचलून आपल्या बाजूला ठेवली.

"नाहीतर काय ते मी सांगते," ती म्हणाली. "मला इथे एकटीला भीती वाटते. गेल्या हिवाळ्यापासून वाटते. बॅग उन्हाळ्यातच भरली होती. पण तुम्ही माझ्यासाठी आकाशपाताळ एक करत होतात, मग मी कोणत्या तोंडाने सांगणार? आता मला गावात घेऊन चला." ती उठली, तौनोच्या ताटलीत दुसरा बन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "आणि तू ग, हे त्या लक्झेंबर्गवाल्यांना कळवू नकोस."